बॅटरी बसली

“मला समुद्र बघायचाय,” इस्त्रीवालीने गॅरेजवालीला बजावलं. “मावेल तेवढी मोठी बॅटरी घाल. मोटरही जोरकस बसव. ही रड आता पुरे झाली.”

नवरा दुपारची डुलकी काढत होता, तेवढ्यात तिने ती जुनी, विजेवरची मोटरसायकल परस्पर ढकलत आणली होती. विचारलं असतं तर म्हणाला असता, “चाललंय ना, चालू दे की.” जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि घरची एक गाडी धड होईना. काय म्हणावं याला!

समुद्र सत्तर किलोमीटरवर. दर रविवारी सकाळी दोघं निघायची. गाडीला आवाज नाही, धूर नाही. झाडं, कुंपणं, वाळत घातलेल्या चादरी आपसूक मागे सरकायच्या. तिचे डोळे मिटायचे. आठवडाभराची इस्त्रीची वाफ अंगातून निघून जायची. आणि बरोबर तिसाव्या किलोमीटरला, तलावापाशी, गाडी हळूहळू थांबायची.

“बॅटरी बसली,” नवरा म्हणायचा. “जरा विसावली की उठेल. तोवर आपणही बसू.”

ती आधी धुसफुसायची. मग पाण्यात ढग उतरायचे, एखादा मासा उगाच उडी मारायचा आणि रागाचा विसर पडायचा. तो फारसं बोलायचा नाही. तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन दाबत राहायचा. ऊन चढलं की गाडी उठायची आणि घराकडे वळायची. पाच वर्षांत समुद्र काही दिसला नाही.

गॅरेजवालीने सीट काढली. मीटर लावून पाहिला, पुन्हा लावला आणि ओठ दाबून हसली.

“मावशी, बॅटरी जुनी आहे, पण समुद्रापर्यंत सहज गेली असती.”

“मग वाटेत बसते कशी?”

“बसत नाही, बसवतात.” सीटच्या डाव्या कडेखाली एक लाल बटण होतं, लिफ्टमधलं. “हे दाबलं की मोटरची वीज तुटते. काकांचा हात सफाईदार आहे हं! काढून टाकू?”

इस्त्रीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाच वर्षं! घरी जाऊन चांगली खरडपट्टी काढायची, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

“वेळ लागेल मावशी. बसा ना.” गॅरेजवालीने स्टूल पुढे सरकवलं.

“बसायला वेळ कुणाला आहे?” ती सवयीने म्हणाली, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून थबकली. घरी नवरा रोज खुर्ची सरकवायचा. इस्त्रीच्या टेबलाशी दहा-दहा तास उभी असलेली ती, मान वर न करता त्याला रोज हेच ऐकवायची.

ती स्टुलावर बसली. दारातून आलेलं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. तलावापाशीही असंच पडायचं, त्याच्या मांडीवरच्या तिच्या पायांवर.

“बटण राहू दे,” ती म्हणाली. “बाकी सगळं नवं घाल.”

रविवारी नवऱ्याने गाडी बाहेर काढली. “आता थेट समुद्र!” तो म्हणाला खरा, पण तोंड उतरलेलं होतं. नव्या बॅटरीवर कसला आळ घेणार, बिचारा! गाडी वाऱ्यासारखी निघाली. चादरी, कुंपणं, झाडं मागे गेली. तलाव आला. त्याने पाण्याकडे नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि वेग कमी केला नाही.

गाडी आपणच मंदावली. बांधापाशी येऊन थांबली.

“अगं, नवी बॅटरी ना ही? बसली कशी?”

“बसली असेल. तिलाही बसावंसं वाटतं कधीतरी,” ती मागून म्हणाली. “तासभर आपणही बसू. समुद्र कुठे पळून जातोय?”

गोंधळून त्याने डावा हात सीटखाली, बटणाकडे नेला. तिथे तिची बोटं आधीच होती.