कुबडी रुतली तिथे

समुद्रासमोर सगळी माणसं सारखीच असतात, असं कासव महोत्सवाच्या मांडवात वनखात्याच्या साहेबांनी माइकवरून सांगितलं. टाळ्या पडल्या. दिव्यांगांसाठी केलेला लाकडी रॅम्प मात्र मांडवापाशीच संपत होता. पुढे नुसती वाळू होती.

पोलिओनं दोन्ही पाय अधू झालेली रत्नप्रभा तीन वर्षं एकच मागत होती: मला कासवांच्या गस्तीत घ्या. आज तिला पहिल्या रांगेतली खुर्ची आणि शहाळं मिळालं. पहाटे एक मादी अंडी घालून गेली होती, पण तिचा माग पाहुण्यांच्या चपलांनी पुसून टाकला. मांडवामागे दोघे कासवमित्र तासभर काठ्या खुपसत वाळूतली भुसभुशीत जागा शोधत होते. भरती वर सरकत होती आणि घरटं भिजलं तर अंडी कुजणार होती.

रत्नप्रभा कुबड्या सावरत वाळूत उतरली.

"अहो ताई, बसा ना! पडलात तर आमची नोकरी जाईल," मांडवातला एक वनरक्षक ओरडला.

दहाव्या पावलाला डावी कुबडी वीतभर आत गेली आणि ती तोंडावर आपटली. सगळा मांडव तिला उचलायला धावला.

"मला काय उचलताय? आधी इथं खणा!"

एकशे चार अंडी निघाली. साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, उद्यापासून ताई गस्तीवर. रत्नप्रभानं तोंडातली वाळू थुंकली आणि ती हसली.

गस्त रोज पहाटे पाचला निघते. तिच्या घरापासून किनाऱ्यापर्यंत पाखाडीच्या दोनशे अकरा पायऱ्या आहेत, आणि आज तिला चौघांनी उचलून आणलं होतं.