इंजिनियरबाईंची तपासणी

ऐक ना, आधी ऐक, मग हस. आपली इंजिनियरबाई नगरपालिकेत नवी नवी लागली, रस्त्यांची कामं तपासायला. अंगात नुसता उत्साह! ठेकेदार दाखवतो तेवढाच रस्ता चांगला असतो, म्हणून पठ्ठीने ठरवलं, आपण न सांगता तपासायचं. रविवारी भर दुपारी, सगळी गल्ली झोपलेली, हिने ऑफिसचं भोक पाडायचं मशीन आणलं आणि स्वतःच्याच दारासमोरच्या नव्या रस्त्यात घुसवलं. पाण्याचा पाइप कुठून गेलाय ते बघायचं राहिलंच. रस्ता निघाला एक नंबर, आणि त्याच्याखालून निघालं कारंजं! बाई मशीन उचलून पसार.

सोमवारी साहेब म्हणाले, "अख्ख्या गल्लीचं पाणी गेलंय. कुठल्या तरी ठेकेदाराने परत खोदलं असणार. तुझीच गल्ली ना? उद्या मला नाव सांग, त्याचं लायसन्सच रद्द करतो."

संध्याकाळी घरी आली तर आई टँकरच्या बादल्या वाहून दमलेली. "सापडलं का गं ते गाढव?"

"शोध चालू आहे, आई," ही अगदी ऑफिसच्या आवाजात.

"बरं. सापडलं की सांग, त्याच्यासाठी एक बादली राखून ठेवलीय. आणि म्हणावं, कालचे चिखलाचे बूट तेवढे पलंगाखालून काढून धू."

आता सकाळी साहेबांना नाव द्यायचंय. तू असतीस तर कोणाचं दिलं असतंस?