प्रयागाची जागा
१९५७ साली कळसच्या झुंबर सुतारानं पुण्याहून लाकडात खाचा पाडायचं यंत्र आणलं. साखर कारखान्याच्या चाळीसाठी दोनशे चौकटी त्याला दिवाळीपर्यंत द्यायच्या होत्या. प्रश्न होता यंत्र बसवायचं कुठं. वेगळं टेबल करायचं तर छपराची एक भिंत पाडावी लागणार, त्यात आठवडा मोडणार. इंजिनावर चालणाऱ्या करवतीचंच टेबल वाढवून त्यात बसवलं, तर उद्यापासून काम सुरू. झुंबरनं टेबल वाढवायचं ठरवलं आणि खडूनं जमिनीवर रेघ मारली. त्याची बायको प्रयागा रेघेकडं बघत राहिली. बारा वर्षं ती करवतीच्या पलीकडं उभी राहून चिरलेली फळी ओढून घेत होती. "अवं, तितं तर मी हुबी ऱ्हाते," ती म्हणाली. "म्होरं करवत, बगलेला ह्ये यंत्र. हात कुठं ठिवू?" "एवढ्या वर्सांत काय झालं का?" "रोज भ्या वाटतं, म्हनून झालं न्हाय." हे ती पहिल्यांदाच बोलत होती. झुंबरनं इंजिन सुरू केलं. तो पलीकडं गेला, तिच्या जागी उभा राहिला आणि तिला फळी ढकलायला सांगितलं. फळी चिरत आली. त्याच्या दोन्ही हातांच्या मधोमध करवतीचे दाते फिरत होते. अर्ध्यातच त्यानं हात काढून घेतले आणि इंजिन बंद केलं. खडूची रेघ त्यानं पायानं पुसली. मग म्हणाला, "येगळं टेबल करू. चौकटीला उशीर झाला तर झाला. आन् ह्या बाजूला आता मी ऱ्हानार."