दुखरा गुडघा

“गडी दुखतंय म्हणाला, की त्याला आधी बसव. सामना काय, पुढच्या वर्षीही असतोय.” लहानपणी तालमीच्या तांबड्या मातीत वस्तादांचं हे बोलणं ऐकलं होतं. पुढं त्याच तालमीच्या फुटबॉल संघाचा मी प्रशिक्षक झालो.

यंदा आमचा संघ तळाला गेला. हंगाम संपल्यावर तालमीत बैठक बसली.

“दुखापतींनी घात केला,” मी म्हणालो. “आपला हुकमी गडी रणधीर जायबंदी झाला आणि तिथून सगळं फिसकटलं.”

“दुखापतीचं नका सांगू, मास्तर!” अध्यक्ष आबा कडाडले. “सुजल्या गुडघ्यानं शेजारच्या पेठेविरुद्ध उतरायचा हट्ट त्यानंच केला म्हणालासा न्हवं? मग भोगू दे की आता!”

कोपऱ्यात कुबडी घेऊन बसलेल्या रणधीरनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्या सामन्याआधी मी हळदीचा लेप लावत होतो, तेव्हा त्याचा गुडघा मुठीतल्या पाखरासारखा थरथरत होता.

मी उठलो.

“हट्ट त्याचा नव्हता, आबा. ‘मास्तर, आज नको,’ म्हणून तो हात जोडत होता. हरलो तर आपल्या पेठेला काय तोंड दाखवू, म्हणून मीच त्याला मैदानात ढकललं.”