सतरावी पिशवी

"चाळीस पिशव्या नेल्या होत्या. विषाणू मेला तो फक्त सतराव्या पिशवीतल्या पानांनी," डॉक्टर रोवेना म्हणाली. शहरातल्या प्रयोगशाळेतून ती सकाळीच आली होती. "झुडूप तेच, या वाळवंटात सगळीकडे उगवणारं एमूझुडूप. पण हीच पानं वेगळी. आता मुळं पाहिजेत."

मॅविस आत्याने राखेतली भाकरी काढून झटकली. "आम्ही सर्दी-तापाला त्याच पानांच्या पाण्याने अंग धुतो. तुला त्यासाठी मोठ्या शाळेत जावं लागलं होय?"

शेजारी बसलेल्या भाचीसकट तिघीही हसल्या. मग आत्याने विचारलं, "सतरावी कुठली?"

"मी तोडली," तिची भाची लेटिशा म्हणाली. "त्या समोरच्या उतारावरची. काय माजलंय तिथं! आणि तुम्ही म्हाताऱ्या उगाच दिवसदिवस लांब हिंडता."

भाकरी आत्याच्या हातातच राहिली. "तिथलं कुणी तोडत नाही."

"मग सांगायचं ना कुणीतरी!"

कोण सांगणार? त्यांच्या लोकांत मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्या उताराची गोष्ट नावांशिवाय सांगता येत नाही. म्हणून सगळे नुसते वळसा घालून जात. लेटिशा शहरात वाढलेली. तिने तो वळसा पाहिलाच नव्हता.

"माझ्या आजीच्या वेळी मोठा ताप आला होता," आत्या खालच्या आवाजात म्हणाली. "ते सगळे तिथं आहेत. झुडपांखाली."

रोवेनाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "खोदायचं यंत्र निघालंय, मॅविसबाई. परवानगीच्या कागदावर ती जागा रिकामी आहे. मला थांबवता येईल, पण तिथं कोण पुरलंय ते लिहावं लागेल. निदान एक नाव." तिने पेन काढलं.

आत्याने तळहाताने वाळू सपाट केली. बोटाने बसलेल्या माणसांच्या खुणा काढू लागली, घोड्याच्या नालासारख्या. एक. शेजारी दुसरी. त्यांच्यामध्ये एक लहान. बोट थांबेचना.

"खुणा चालत नाहीत," रोवेना म्हणाली.

रस्त्याकडे लाल धूळ उठली होती.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "माझं लिही. मॅविस. ते अजून घेता येतं."

"अहो, पण तुम्ही जिवंत आहात!"

"कागदाला काय कळतंय?"

ती उताराकडे चालू लागली. झुडपं तिच्या कमरेला लागली, मग खांद्याला. मध्यावर पोचून ती खाली बसली आणि दिसेनाशी झाली. यंत्राची घरघर आता पायांखालून येत होती. वाळूतल्या खुणांच्या कडा ढासळत होत्या.

लेटिशा धावत सुटली. नाव घेऊन ओरडायला तिने तोंड उघडलं.

नुसतंच "आत्या" बाहेर आलं.