अर्धा मोल

“अणूंची संख्या दिली आहे, मोल काढा,” थोरलीने मोठ्यांदा वाचलं आणि बाबांकडे पाहिलं. ते खाटेवर पडून छताकडे बघत होते.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. आवाज शेजारच्या वर्गात ऐकू जायचा. “बोलत राहा त्यांच्याशी,” डॉक्टर म्हणाले होते, “आत काय शिल्लक आहे, कुणी सांगावं?” आई बोलून बोलून थकली. थोरलीला तर काही सुचतच नसे. बाबांच्या धाकाने तिने शाळेतच विज्ञानाला रामराम ठोकला होता. आता चाळिशीत प्रयोगशाळेतल्या नोकरीची परीक्षा द्यायची, तर तेच पुस्तक मानगुटीवर बसलं होतं. म्हणून ती त्यांच्या उशाशी बसून अभ्यास करायची.

आज मात्र तिला खरंच कुतूहल वाटलं. “बाबा, मोल म्हणजे डझनासारखंच ना? डझनात बारा, आणि मोलमध्ये जवळजवळ सहावर तेवीस शून्यं! एवढे अणू मोजले तरी कुणी?”

चादरीवरची बोटं किंचित हलली. तिचं लक्ष नव्हतं. ती गणितात शिरली होती. कार्बनच्या तुकड्यात तीनावर तेवीस शून्यं इतके अणू. तिने दोन्ही आकड्यांचा ठोकून गुणाकार केला. उत्तर अगडबंब आलं. अणूंचा मामला, मोठंच यायचं, असं वाटून ती खूश झाली.

“अठरावर सेहेचाळीस शून्यं, इतके मोल!”

बाबांचा चेहरा लाल झाला. ओठ थरथरले.

“भा... भाग!”

तिच्या हातातलं पेन गळलं. ते उचलून तिने भागाकार मांडला. शून्यांनी शून्यांना खाल्लं. उरला अर्धा. अर्धा मोल! सहा अंडी म्हणजे अर्धा डझन, इतकं सोपं होतं हे? आपण हसतोय की रडतोय, तिचं तिलाच कळेना.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. “अहो, बोललात तुम्ही!” मग लेकीला कवटाळून म्हणाली, “मुद्दाम चुकलीस ना गं, त्यांना बोलतं करायला? काय डोकं आहे पोरीचं!”

थोरलीने डोळे पुसले. “हो ना. मुद्दामच.”

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ओठांचा एक कोपरा वर गेला. सगळा जोर लावून त्यांनी दुसरा शब्द बाहेर काढला.

“खोटं!”