दोन फवारे

आधी साहेबांच्या आईचे डोळे गेले, पाठोपाठ कानही गेले, तेव्हापासून ती माणसं वासावरून ओळखायची. साहेबांच्या अत्तराला जुन्या लाकडाचा आणि अंबरचा दाट, ऊबदार वास होता. सकाळी लावलं की दिवसभर अंगाला चिकटून असायचा. ते दारात आले की आई म्हणायची, "आलास?"

कामाचा व्याप वाढला, तशी साहेबांनी युक्ती काढली. दर रविवारी ड्रायव्हरच्या शर्टावर त्याच अत्तराचे दोन फवारे मारायचे आणि त्याला तासभर आईपाशी बसायला धाडायचं. तिलाही समाधान, आपलीही सोय.

या रविवारी ड्रायव्हर तापाने पडला. नाइलाजाने साहेब स्वतःच गेले; घाईत अत्तर लावायचं राहून गेलं. आईच्या पलंगावर पायांशी टेकून, पाय चेपायला त्यांनी हात पुढे केला, तोच आई हसली.

"आज अत्तर विसरलास ना, बाबा? असू दे. तुझे हात खरखरीत, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फक्त माझ्या मुलाला सांगू नकोस हं. बिचाऱ्याला तोंड लपवायला जागा उरायची नाही."